आबांचं खाकरणं

आमच्या घरात दोन गोष्टी सर्वानुमते ठरलेल्या आहेत. एक, मला नाटकातलं काही कळत नाही. आणि दुसरी, मला कुठलीही हकीकत थोडक्यात सांगता येत नाही. दुसऱ्या ठरावाच्या वेळी मी स्वतःही हात वर केला होता, त्यामुळे त्याबद्दल तक्रार नाही. पहिल्याबद्दल मात्र थोडं बोलायचंय. इतक्या वर्षांच्या नोकरीत मला जी एक गोष्ट नीट समजली, ती वॉर्डात समजली नाही. नाटकाच्या तालमीत समजली, आणि तीही उताणं पडून.

दिवाळी अंकाच्या संपादकांना खरं तर माझ्याकडून हॉस्पिटलमधले थरारक अनुभव हवे होते. मी म्हटलं, थरार सर्जनकडे मागा. आम्ही सिस्टर लोक. आमच्याकडे ताप, लघवी, जेवण आणि नातेवाईक. ते जरा हिरमुसले, पण पानं राखून ठेवली होती म्हणून म्हणाले, जे असेल ते द्या. तर ज्यांना रक्त हवं असेल त्यांनी इथूनच पान उलटावं. मी पेज वाढते आहे.

गोष्ट दहा-बारा वर्षांपूर्वीची. नाशकात तेव्हा घरोघरी टीव्ही आला नव्हता, त्यामुळे संध्याकाळी माणसं नाटक करायला मोकळी असायची. मी स्त्रियांच्या वॉर्डाची सिस्टर होते. रुग्णालयाचं नाव सांगत नाही. ज्यांना ओळखायचं ते ओळखतील, बाकीच्यांना सगळी रुग्णालयं सारखीच.

त्या हिवाळ्यात आमच्याकडे कमल आली. देवळा गावाच्या बाजूची, विशीतली बाई. तिला मणक्याचा क्षय झाला होता. बाहेरच्या माणसाला क्षय म्हटलं की खोकला आठवतो. पण तो हाडालाही होतो. मणका आतून भुसभुशीत होतो. त्यावर भार पडला, तर आतला मज्जारज्जू दाबला जातो आणि पाय जातात. म्हणून त्या काळी अशा रुग्णाच्या पाठीचा प्लास्टरचा साचा करायचे आणि त्यात त्याला उताणं ठेवायचे, महिनोन्‌महिने. उठणं नाही, बसणं नाही, कुशीवर वळायचं तेही आम्ही वळवू तेव्हा. सोबत इंजेक्शनं, गोळ्या, आणि भरपूर खाणं. यात खाणं हे औषधाच्या बरोबरीचं. अंगात काही गेलंच नाही, तर हाड भरून येणार कशातून?

कमलचा नवरा ट्रकवर होता. कांद्याच्या गोण्या घेऊन आज या गावी, उद्या त्या गावी. सासू घरी, नात आणि जनावरं सांभाळत. कमलला माहेरी आई नव्हती. त्यामुळे तिच्या सोबतीला आले तिचे सासरे, तोताराम आबा. आमच्या वॉर्डात भेटीची वेळ सोडून पुरुषाला प्रवेश नसे. पण दुसरं माणूसच नाही म्हटल्यावर डॉक्टरांनी आबांना खास परवानगी दिली.

असा सासरा मी पाहिला नाही. रात्री बाहेर व्हरांड्यात जमिनीवर झोपायचे, सकाळी आवारातल्या पंपाच्या गार पाण्याने अंघोळ करून, पांढरी टोपी घालून यायचे. वहाणा वॉर्डाच्या दाराबाहेर, देवळात शिरल्यासारख्या. मग कमलच्या खाटेला स्टूल अगदी चिकटवून जे बसायचे ते संध्याकाळी दिवे लागेपर्यंत. माशी बसली तर पंख्याने हाकलायचे. पेज आली की फुंकर घालून निववायचे आणि चमच्याने तिच्या तोंडाशी धरायचे. डॉक्टरांनीच तसं सांगितलं होतं, "आबा, तुमच्या हाताने भरवा. घरच्या माणसाच्या हातचं पोटात जातं." आबांनी ते वाक्य मंत्रासारखं धरलं.

शेजारच्या खाटेवर मांडीचं हाड मोडलेल्या शांताबाई होत्या. त्यांना सगळ्या वॉर्डाची बित्तंबातमी असायची. त्या मला म्हणायच्या, "सिस्टर, आमच्या सासऱ्यांनी आयुष्यात एकदा मला हाक मारली. तीसुद्धा म्हैस सुटली म्हणून."

आणि कमल जेवत नव्हती. चमचा आला की एक-दोन घोट कसेबसे गिळायची, मग ओठ घट्ट मिटायची आणि तोंड भिंतीकडे फिरवायची. त्या वेळी क्षयाला एक पावडर द्यायचे, तिने मळमळायचं. डॉक्टरांनी ती बंद करून दुसरं औषध दिलं. फरक नाही. मी माझ्याकडची हत्यारं काढली. गोड बोलून झालं, रागावून झालं. "कमल, तू असं केलंस तर पोरीला कोण बघणार?" हे आमचं ठेवणीतलं. त्यावर तिचे डोळे भरायचे, पण तोंड उघडायचं नाही. केसपेपरवर रोज तेच, "खात नाही." असं लिहिलं की आम्हाला काम केल्यासारखं वाटतं.

शेवटी एका गुरुवारी राउंडला डॉक्टर म्हणाले, "अशीच राहिली तर सोमवारपासून नाकातून नळी घालू."

आबा ते ऐकून स्टुलावरून उठलेच. त्यांची बोली अहिराणीकडे झुकलेली. 'आहे'ला 'शे' म्हणायचे. "नाकमातून? जित्या माणूसले?" डॉक्टर पुढच्या खाटेकडे गेल्यावर मला म्हणाले, "सिस्टर माय, तुम्ही लपाडू नका. हाई पोर जगत नही, हो ना? मी तिले सोमवारले घर ली जास. मरनंच शे ते घरमा मरू द्या."

मी सांगून पाहिलं की ती मरत नाहीये, पण एसटीत बसवून नेली तर पाय नक्की जातील. आबांनी मान हलवली. त्यांचं ठरलं होतं. कमलने सगळं ऐकलं. घरी जायचं म्हटल्यावर तिच्या चेहऱ्यावर सुटका दिसली, त्याने मी जास्त घाबरले.

आता नाटकाकडे येते. आमचे हे म्हणतात, कधी येणार त्याचीच वाट बघत होतो. आमचे हे ओझरच्या कारखान्यात विमानाचे भाग तपासायचे. तिथे केसाएवढा फरक चालत नाही, तेव्हा माझ्या गोष्टींतले फाटे त्यांना कसे चालणार?

कर्मचाऱ्यांच्या नाट्यस्पर्धेत आमचं रुग्णालय दरवर्षी भाग घ्यायचं आणि दरवर्षी उत्तेजनार्थच्या अलीकडे राहायचं. दिग्दर्शक बाहेरचे, पगारे सर. नगरपालिकेच्या शाळेत मराठी शिकवायचे, नाशिकरोडहून सायकलने यायचे. त्या वर्षीचं नाटक त्यांनीच लिहिलं होतं. त्यात अर्धांगवायूने पाय गेलेली एक सून होती. मेट्रनबाई म्हणाल्या, "हे काम आपल्या सिस्टरला द्या. तिला आजारपणातलं सगळं ठाऊक आहे." मलाही तसंच वाटत होतं. म्हणून मी पहिल्याच तालमीला असा काही अर्धांगवायू करून दाखवला, की आमचा एक्स-रेवाला टाळ्या वाजवायला लागला.

पगारे सर चष्मा पुसत म्हणाले, "आजार चोख आहे तुमचा, सिस्टर. बाई अजून दिसत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे ही बाई पडून आहे. तिला काय दिसतं?"

"छत."

"छतावर काय?"

"सर, छत म्हणजे छत."

"सकाळपासून तिला कोणी हात लावला? कशासाठी? कोण आलं की तिला बरं वाटतं? कोण आलं की वाटतं, हा कधी जातो?" मी म्हटलं, नाटकात हे लिहिलेलं नाही. सर म्हणाले, "लिहिलेलं नाही म्हणून तर विचारतोय. लिहिलेलं तर मीच लिहिलंय."

माझ्या मनात आलं, नसते लाड. आमचा केसपेपर वय विचारतो, धर्म विचारतो, तक्रार काय आणि कधीपासून विचारतो. त्यात "कोण आलं की नकोसं होतं" असा रकाना नसतो. असता तर अर्ध्या बायकांनी आमचंच नाव घातलं असतं.

सरांनी मला शिक्षाच केली. म्हणाले, आजची अख्खी तालीम खाटेवर पडून काढा, तुमचा प्रवेश असो नसो. डॉक्टर नळीचं बोलले तो गुरुवारच होता. बाह्यरुग्ण विभागाच्या हॉलमध्ये, संध्याकाळी, आमच्याच भांडारातल्या एका करकरणाऱ्या खाटेवर मी पडले. आणि काय सांगू, लोक मला विसरलेच! चहा आला, सगळ्यांना मिळाला. मला कोणी विचारलंच नाही, पडलेल्या माणसाला चहा कसा द्यायचा म्हणून असेल. एक्स-रेवाल्याने रिकामा ट्रे माझ्या पोटावर ठेवला. दोघं जण माझ्या अंगावरून एकमेकांशी बढतीबद्दल बोलले. खालून माणसांच्या नाकपुड्याच तेवढ्या दिसतात, ही माहिती मला इतक्या वर्षांत नव्हती. आणि हो, छतावर ओल आली होती. तिचा आकार बसलेल्या कोंबडीसारखा होता.

मग सासऱ्यांचा प्रवेश आला. सासरा झाले होते रेकॉर्ड खात्यातले सोनवणे. मेनरोडला वाढलेला माणूस, पण डिंकाने चिकटवलेल्या मिशांमुळे स्वतःला पाटील समजायचे. ते ऐटीत आत आले, "कशी आहेस सूनबाई?" म्हणाले, आणि माझ्या खाटेच्या कडेवर बसायला वाकले.

पुढे जे झालं ते मी केलं नाही, माझ्या अंगाने केलं. मी पाय आखडले, झटकन उठले, पदर डोक्यावर घेतला आणि खाटेखाली उतरून उभी राहिले.

पगारे सर ओरडले, "सिस्टर! तुमचे पाय गेलेत!"

मी म्हटलं, "पाय गेलेत सर, पण सासरे आलेत ना!"

हॉलमध्ये जो हशा उठला तो ओपीडीच्या चौकीदाराला गेटवर ऐकू गेला. मीही हसले. माझं सासर सायखेड्याचं. तिथे आमचे अण्णा, म्हणजे माझे सासरे, अंगणातून घरात येताना आधी खाकरतात. त्या आवाजासरशी आम्ही सुना जिथे असू तिथून उठतो. त्यांच्यासमोर खाटेवर बसत नाही, पाय पसरत नाही, आणि घास तर घेतच नाही. गरोदरपणात नववा लागलेला असतानाही मी उठायची. कोणी सक्ती केली म्हणून नाही. अंगालाच ते माहीत आहे.

हसता हसता मी एकदम थांबले. सर म्हणाले, "काय झालं?" मी म्हटलं, "सर, माझ्या वॉर्डात एक बाई आहे. तिला उठता येत नाही."

शुक्रवारी सकाळी मी आबांना एका औषधाची चिठ्ठी देऊन मेनरोडला पाठवलं. वॉर्डात एक तीन घड्यांचा चाकांवरचा पडदा असतो, हिरव्या कापडाचा. बेडपॅन देताना, जखम बांधताना खाटेभोवती लावतात. तो मी कमलच्या खाटेला लावला आणि पेज घेऊन आत गेले. चमचा पुढे केला. तिने आधी पडद्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि मग ती जेवली. वाटीभर पेज जेवली, अंडं जेवली, वर पाव मागितला. मी भरवत होते आणि तिच्या डोळ्यांतून पाणी कानांत उतरत होतं. उताण्या माणसाचं पाणी तिकडेच जातं.

मी हळूच विचारलं, "कमल, आबा बसलेले असले की घास उतरत नाही का?"

ती पडद्याकडे बघत म्हणाली, "झोपून डोक्यावर पदर पन ऱ्हात नही, बाई. पाय पसरीसन पडेल ऱ्हास त्यास्नासमोर. आनि ते भरावतस. माले मरानं वाटस." मग एकदम माझा हात धरला. "त्यास्ले सांगू नका. ते मन्हाकरता आठे जिमीनवर झोपतस."

आता माझी खरी पंचाईत झाली. रोग सापडला, पण औषध कसं द्यायचं? आबांना सरळ सांगावं, तर त्यांच्या डोक्यात काय जाईल? आपण महिनाभर सुनेची अब्रू घेत होतो. ते खाली मान घालून निघून गेले असते आणि तिलाही घेऊन गेले असते. शिवाय तिला वाटलं असतं, आपणच सासऱ्यांची तक्रार केली. न सांगता रोज कुठे तरी पाठवावं, तर शुक्रवारी दुपारीच मी दुसऱ्या कामाला पाठवायला लागले तेव्हा आबा म्हणाले, "माले कसाले हाकलतस? तिना जवळ बसू द्या दोन दिवस." तो माणूस मरणाऱ्या सुनेजवळ बसला होता. त्याला कसा उठवणार?

संध्याकाळी मी पगारे सरांना सगळं सांगितलं. म्हटलं, तुम्हीच समजावा, तुम्ही शिक्षक आहात.

सर म्हणाले, "मुळीच नाही. तुम्ही सांगा की मी सांगू, चूक आबांचीच ठरणार. तीच चूक नाटकात झाली तर ती सोनवण्यांची."

मला समजायला जरा वेळ लागला. सोनवण्यांना लगेच समजलं आणि ते म्हणाले, "दर वेळी मीच का?"

शनिवारी दुपारी मी आबांना म्हटलं, "आबा, आमच्या नाटकात एक सासरा आहे. शहरातला माणूस आहे, त्याला गावाकडचं काही येत नाही. जरा येऊन सांगता का कसं करायचं?" आबा नाही म्हणाले, मग शांताबाईंनी भरीला घातलं, "जावा हो आबा, मी बघते पोरीकडे. माझा पाय मोडलाय, डोळे नाही मोडले." त्यांना यातलं काहीही सांगितलं नव्हतं, पण आबा हॉलकडे निघाले तेव्हा माझ्याकडे बघून हसल्या. बाकीच्या वॉर्डाआधी त्यांना कळलं होतं, अशी मला अजून शंका आहे.

पगारे सरांनी आबांना खुर्ची दिली. ते टोपी सावरून अवघडून बसले. मी खाटेवर उताणी. तुम्ही विचाराल, आबांचा चेहरा कसा झाला? मला माहीत नाही. मला कोंबडीसारखी ओल दिसत होती. पुढचं सगळं मी फक्त ऐकलं.

सोनवण्यांची पावलं आली. "कशी आहेस सूनबाई?" खाट करकरली, बसले. वाटी-चमचा वाजला. "घे, खा बरं. आ कर." मी तोंड मिटून भिंतीकडे फिरवलं. "अगं आ कर की! माझ्या हातचं खा!"

"ओ भाऊ!"

आबांचा आवाज. खुर्ची मागे सरकल्याचा आवाज.

"ओ भाऊ, तू तिना सासरा शे ना? मंग खाटवर कसाले बठस? ती सून शे! बिचारी झोपेल शे, तिले उठता येत नही, आनि तू असा..."

"मग कसं यायचं, आबा?" सोनवण्यांनी इतकं साधं, मिशांविना बोलल्यासारखं विचारलं, की त्यांच्या बाकीच्या सगळ्या अभिनयाला मी तिथेच माफ केलं.

"आधी बाहेर खोकलानं. ती सावरी लेस. दाराले उभं ऱ्हाऊन इचारानं, तोंड तिकडे करीसन. ऱ्हाय, मी दखाडस."

वहाणांशिवायची पावलं माझ्यापासून लांब गेली. दार. मग बाहेरून, व्हरांड्यातून, खणखणीत खाकरणं. जसं सायखेड्याला ऐकते तसंच. माझे पाय आपोआप आखडले गेले.

"कोनी शे का घरमा?" बाहेरून आवाज आला.

आम्ही वाट बघतोय. आबा आत येईनात. थोड्या वेळाने सोनवणे दारापर्यंत जाऊन आले आणि हळू आवाजात म्हणाले, "सर, ते पायरीवर बसलेत. टोपी काढून हातात घेतलीये. पुढचं दाखवतच नाहीत."

सर म्हणाले, "पुढचं ते तुम्हाला दाखवणार नाहीत. तालीम संपली."

मी बाहेर गेले नाही. पगारे सर जाऊन त्यांच्याशेजारी पायरीवर बसले, बिडी पुढे केली, आणि कांद्याचे भाव विचारले. तेवढंच बोलले.

रविवारी आबा आलेच नाहीत. माझा जीव थाऱ्यावर नव्हता. सुट्टी असून मी सकाळी वॉर्डात चक्कर टाकली; आया म्हणाली, म्हातारा गेला वाटतं गाडीची चौकशी करायला. कमलने त्या दिवशी पडदा असूनही फार खाल्लं नाही. सारखी दाराकडे कान लावून होती.

सोमवारी राउंडच्या आधी मी कमलची सुई भरत होते. डॉक्टरांनी सांगितलेली नळी ट्रेमध्ये ठेवलेली होती. इतक्यात व्हरांड्यातून कोणी तरी खाकरलं.

कमलच्या खाटेवर हालचाल झाली. उठता येत नव्हतं, पण तिने पदराचं टोक ओढून कपाळावर घेतलं.

आबा दाराच्या चौकटीला तोंड बाहेर करून उभे होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "सिस्टर माय, तो हिरवा पडदा लाई द्या. उजेड तिना डोयावर येस." खिडकी उलट्या बाजूला होती. मी म्हटलं, हो आबा, फार उजेड येतो. मी पडदा लावला. आबांनी स्टूल उचललं, पडद्याच्या अलीकडे, खाटेपासून चांगलं लांब ठेवलं आणि पडद्याकडे पाठ करून बसले. मग समोरच्या भिंतीशी बोलायला लागले. यंदा पात हिरवीगार शे. लाल्या बैल लंगडतो. नात बोबडं बोलते, कांद्याला 'तांदा' म्हणते. घरी ते ओट्यावर बसून असंच बोलत असणार आणि ही आत चुलीपाशी ऐकत असणार. इथे आम्ही मधली भिंतच काढून टाकली होती, चांगल्या मनाने. ती कापडाची का होईना, परत उभी राहिली.

डॉक्टर आले तेव्हा पडद्याच्या आत कमल भाकरी दुधात कुस्करून खात होती; म्हणजे आया भरवत होती आणि ती खात होती. डॉक्टरांनी विचारलं, "कुठलं औषध बदललं?" मी म्हटलं, "स्टूल." मग मी सगळं सांगितलं. चांगले होते ते. नळीचा ट्रे स्वतः उचलून परत ठेवला. घरी न्यायची गोष्ट आबांनी पुन्हा काढली नाही.

आठवडाभराने आबा भिंतीला बैलाचं सांगत होते, तेव्हा पडद्यामागून आवाज आला, "मंग लाल्याले चारा कोन टाकस?" आबा दचकले. आबा घसा साफ करून भिंतीलाच म्हणाले, "तुनी सासू टाकस." शांताबाई मला म्हणाल्या, "बघा, ह्यांच्या घरात आता बोलणं सुरू झालं. तेही आपल्या खर्चाने."

आमच्या नाटकाचं काय झालं म्हणाल तर ते पडलं. परीक्षकांनी लिहिलं की सुनेचं काम करणारी अभिनेत्री आजारी असूनही फारच धडधाकट वाटते. हा अभिप्राय आमच्या ह्यांनी तोंडपाठ केला असून मी डोकं दुखतंय म्हटलं की म्हणून दाखवतात. सोनवण्यांना मात्र अभिनयाचं प्रशस्तिपत्र मिळालं. त्यांनी ते रेकॉर्ड खात्यात फ्रेम करून लावलं.

आता मी परिचारिका शाळेत शिकवते. मेट्रनबाईंशी भांडून दर शनिवारी एक तास घेतला आणि पगारे सरांना बोलावू लागले. ते मुलींना गोष्ट वाचून दाखवतात, कधी एखादा प्रवेश करायला लावतात, आणि तेच आपले छताचे प्रश्न विचारतात. मुलींचा पहिला प्रश्न असतो, "हे परीक्षेला आहे का?" सर सांगतात, "नाही. पेशंटला आहे." मुली थोड्या निराश होतात, पण बसतात. प्रत्येकीला एक सकाळ खाटेवर उताणं पडून काढायला लावते. चहा आला की मुद्दाम विसरते. आजाराची माहिती पुस्तकात असते, आणि ती पाठ केलीच पाहिजे. सूज कशाने आली हे गोष्टीने कळत नाही. पण हा माणूस भिंतीकडे तोंड का फिरवतो, हे पुस्तकात नसतं. ते कळायला आधी दुसऱ्याच्या जागी थोडा वेळ पडून राहायची सवय लागते. ही सवय मला फार उशिरा लागली. त्याआधी जितक्यांच्या केसपेपरवर "खात नाही" लिहिलं, त्यांतल्या कोणाकोणाच्या खाटेशी कोण बसलं होतं, ते आता आठवू म्हटलं तरी आठवत नाही.

आणखी एक. आमच्या मुली कुठल्याही खाटेचा पडदा बाजूला करण्याआधी खाकरतात. मागे एक नवे डॉक्टर काळजीने विचारत होते की इथल्या सगळ्या सिस्टरना एकदम घशाचं काय झालंय, एक्स-रे काढायचे का.

कमलला उठवायचा दिवस पुढच्या उन्हाळ्यात आला. अशा माणसाला एकदम उभं करत नाहीत. आधी डोक्याकडची बाजू थोडी थोडी वर, मग पाय खाली सोडून बसवणं, मग पाठीला चामड्याचा पट्टा बांधून दोघींनी दोन्हीकडून धरून उभं करणं. दोन-चार पावलं टाकली की घाम फुटायचा. हे सगळं पडद्याआड चाललं होतं. आबांना माहीत होतं, पण त्यांनी कधी विचारलं नाही. रोज भिंतीला कांद्याचे भाव सांगत होते.

त्या सकाळी ती खाटेच्या कडेवर बसली होती, पट्टा बांधलेला, पाय खाली. मी म्हटलं, "कमल, आता पडदा काढते." ती म्हणाली, "थांबा." दोन्ही हातांनी पदर डोक्यावर घेतला, नीट कानामागे खोचला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच तो तिथे टिकला. मग मान हलवली.

मी पडदा सरकवला. स्टूल रिकामं होतं. आबा तोंड धुवायला बाहेर गेले होते.

व्हरांड्यातून खाकरण्याचा आवाज आला. मी कमलला धरायला हात पुढे केला. तिने तो बाजूला सारला, खाटेच्या दांडीला धरलं, आणि आबा दारात यायच्या आत ती उठून उभी राहिली.